शेफ्टॉल घराण्याची वही

नमस्कार. आज ज्या पुस्तकाबद्दल बोलायचं आहे ते हाताने लिहिलेलं आहे. अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात सव्हाना नावाचं गाव आहे. तिथल्या शेफ्टॉल या ज्यू घराण्यात बेंजामिन या बापाने नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्याच्या टिपणांवरून लेवी या मुलाने त्या इंग्रजीत उतरवल्या आणि पुढे चालवल्या. गावातल्या ज्यूंपैकी कोण आलं, कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोण वारलं, कोण गाव सोडून गेलं, हे सगळं त्यात आहे. १७३३ ते १८०८ असा त्याचा काळ.

सुरुवात ११ जुलै १७३३ ची. लंडनहून आलेल्या जहाजातून चाळीसेक ज्यू सव्हानाला उतरले. जॉर्जियाची ही इंग्रज वसाहत जेमतेम पाच महिन्यांची होती. तिचा डॉक्टर एप्रिलातच वारला होता आणि तापाने माणसं पटापट मरत होती. वसाहतीच्या लंडनमधल्या विश्वस्तांना ज्यू नकोच होते. पण या जहाजात सॅम्युएल नुनेस नावाचा वैद्य होता, पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये धर्मन्यायालयाच्या, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा करणाऱ्या कॅथलिक न्यायालयाच्या, तावडीतून सुटून आलेला. वसाहतीचा प्रमुख ओगलथॉर्पने सगळ्यांना उतरू दिलं.

या माणसांनी बरोबर काय आणलं, तेही वहीत आहे, आणि मला ती नोंद फार मोलाची वाटते. तोरा या ज्यू धर्मग्रंथाची एक गुंडाळी, तिच्यावर घालायची दोन वस्त्रं, आणि सुंतेच्या साहित्याची पेटी. लंडनच्या लिंडो नावाच्या व्यापाऱ्याने मंडळीच्या, म्हणजे एकत्र प्रार्थना करणाऱ्या ज्यू समुदायाच्या, उपयोगासाठी ती दिलेली. घर नाही, गाव धड वसलेलं नाही, पण उद्या मुलगा जन्मला तर आठव्या दिवशी सुंतेला काय लागेल, याची तयारी जहाजात चढतानाच झाली होती. हरणाच्या कातड्यावर लिहिलेली तोराची ती गुंडाळी सव्हानाच्या मिकवे इस्राएल या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, आजही जपून ठेवली आहे.

पुढे मात्र पांगापांग झाली. फ्लोरिडातून स्पॅनिश सैन्य चालून येणार, अशी आवई उठली आणि १७४२ मध्ये ते खरोखर आलं. सव्हानात आलेल्या ज्यूंपैकी बहुतेक पोर्तुगालमधून निसटलेले होते. तिथे त्यांना जबरदस्तीने ख्रिस्ती केलेलं होतं, त्यामुळे स्पॅनिशांच्या हाती पडले तर पाखंडी म्हणून जाळले जाण्याची भीती. ते चार्ल्सटनला गेले, न्यूयॉर्कला गेले. मागे राहिली मुख्यतः मिनिस आणि शेफ्टॉल ही दोन घरं, दोन्ही मध्य युरोपातली, म्हणजे या भीतीबाहेरची. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तेही जमेनात. रब्बी म्हणजे धर्मगुरू नाही, सिनेगॉगची इमारत नाही. माझ्या मते अशा वेळी या वहीलाच मंडळीच्या दप्तराची जागा घ्यावी लागली.

लेवीबद्दल थोडं सांगतो. धंद्याने तो खाटीक आणि चामडं कमावणारा. त्याचा सावत्र भाऊ मॉर्डेकाय स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकन फौजेच्या रसदीचा अधिकारी होता. डिसेंबर १७७८ मध्ये सव्हाना ब्रिटिशांच्या हाती पडलं तेव्हा तो मुलासह पकडला गेला आणि कैद्यांच्या जहाजावर टाकला गेला. लेवीची गत वेगळीच झाली. १७८० मध्ये ब्रिटिशांनी त्याचं नाव बंडखोरांच्या यादीत घातलं आणि १७८२ मध्ये जॉर्जियाच्या नव्या सरकारने तेच नाव देशद्रोह्यांच्या यादीत घातलं. नागरिक म्हणून त्याचे हक्क परत मिळायला पुढे काही वर्षं गेली. स्वतःचं नागरिकत्व असं टांगणीला लागलेलं असताना हा माणूस इतरांच्या जन्ममृत्यूच्या तारखा सांभाळून होता, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. मंडळीचा अध्यक्ष म्हणून अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टनला अभिनंदनाचं पत्र लिहिलं तेही याच लेवीने. न्यूपोर्ट या दुसऱ्या गावच्या ज्यूंना वॉशिंग्टनने त्यांच्या पत्राला पाठवलेलं उत्तर जास्त प्रसिद्ध आहे. सव्हानाचा पत्रव्यवहार त्याच्या आधीचा आहे.

१९६५ मध्ये रब्बी माल्कम स्टर्न यांनी या नोंदी छापून प्रसिद्ध केल्या. त्या वाचताना पहिल्या पानावरचं एखादं नाव धरावं आणि त्याच्या मागे जावं. मी नुनेसचं धरलं. बापाबरोबर जहाजातून उतरलेली त्याची मुलगी झिपोरा पुढे डेव्हिड मचाडोची बायको झाली. त्यांची मुलगी रिबेका फिलाडेल्फियाच्या जोनस फिलिप्सला दिली. रिबेकाची मुलगी रेचेल, आणि रेचेलचा मुलगा उरायाह लेवी, अमेरिकन नौदलातला मोठा अधिकारी. अमेरिकेचा एक राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचं माँटिसेलोचं घर पडझडीला आलं होतं. १८३४ मध्ये ते विकत घेऊन दुरुस्त केलं ते झिपोराच्या या पणतूने.