मेणाची वडी

[कणकवली स्थानक. ज्येष्ठातली संध्याकाळ. पाऊस नुकताच थांबलाय.]

तुतारी एक्स्प्रेस यायला अजून वेळ आहे. काकी बाकावर बसल्यात, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत फाइल, दोन साड्या, आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून रबर लावलेली एक वस्तू. मुलगा ती सोडून दाखवतो. प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत पांढऱ्या मेणाची वडी, आणि मेणाच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा करडा ठिपका.

हा ठिपका म्हणजे काकींच्या खालच्या हिरडीतून काढलेला तुकडा. दवाखान्यात त्याला नुसतं 'ब्लॉक' म्हणतात. मुलाला बजावून सांगितलंय, कागद पुन्हा काढता येतील, हा जपून ने.

काकींनी चाळीस वर्षं मिश्री लावली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, बोटावर घेऊन दातांना चोळायची. आईने लावली, सासूने लावली. केसपेपरवर व्यसनाच्या रकान्यात त्यांनी 'नाही' असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. आमच्याकडे मिश्रीला व्यसन म्हणतच नाहीत.

[परळ. ऑपरेशननंतरचे दिवस.]

गाठ काढली. हिरडीच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा आधी ऑपरेशन आणि मग, गरज असेल तर, रेडिओथेरपी. गावाकडे कोणी तिला शेक म्हणतं, कोणी लाईट. काकींना तीस शेक सांगितलेत. रोज दोन ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप), सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, मिळून साठ ग्रे.

पहिल्या दिवशी मुखवटा तयार होतो. जाळीदार प्लास्टिकची पाटी गरम पाण्यात मऊ करतात आणि चेहऱ्यावर ताणून बसवतात. काही मिनिटांत ती नाकाच्या, हनुवटीच्या आकारात घट्ट होते. रोज तोच मुखवटा, म्हणजे किरणं रोज त्याच जागी पडतील. काकींनी तो हातात धरला, उलटसुलट करून पाहिला, आणि डॉक्टरांना विचारलं, "हो शेक माका लागू पडतलो मां?"

डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं. बहुतेकांना पडतो. तुम्हाला किती पडेल, हे आधी सांगता येत नाही.

काकींचा हा प्रश्न जगभरचे संशोधक तीसेक वर्षं जनुकांना विचारतायत.

किरणं पेशीतला डीएनए तोडतात. कधी एक धागा तुटतो, कधी दोन्ही. घरावरची कौलं वाऱ्याने उडावीत तसं. ज्या घरात माणसं हाताशी आहेत तिथे संध्याकाळपर्यंत शाकारणी होते. ज्या घरात नाहीत, ते घर गळत गळत कोसळतं. निरोगी पेशी दोन शेकांमधल्या चोवीस तासांत बरीचशी दुरुस्ती उरकतात, कॅन्सरच्या पेशींना ती सहसा तितकी जमत नाही. म्हणून तर डोस एकदम न देता तीस दिवसांत वाटतात.

शाकारणीची ही माणसं म्हणजे जनुकांनी घडवलेली प्रथिनं. 'एटीएम' नावाचं प्रथिन दोन्ही धागे तुटले की हाकाटी करतं. 'एक्सआरसीसी१' स्वतः कौल बसवत नाही. ते परांची बांधून देतं, तिच्यावर बाकीचे चढतात. एटीएमचं जनुक १९९५ मध्ये सापडलं. ज्यांच्यात त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, त्यांना नेहमीचा डोससुद्धा जीवघेणा ठरू शकतो. असे रुग्ण फार दुर्मिळ, पण शेक कसा सोसेल हे जनुकात लिहिलेलं असू शकतं, याचा तो धडधडीत पुरावा.

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात, ते वेगळे करायला हवेत. कॅन्सर विरघळेल का, याचं उत्तर त्या मेणाच्या वडीत शोधायचं. तोंड किती सोलवटेल, लाळ किती आटेल, हे शोधायचं रक्तात, कारण ती जनुकं काकी जन्माला येताना घेऊन आल्या.

रक्तातल्या खुणांवर पुष्कळ काम झालं. एक्सआरसीसी१ प्रथिनाच्या साखळीत ३९९ व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिन असलं तर त्रास जास्त होतो, असं एक छोटा अभ्यास म्हणायचा आणि दुसरा नेमकं उलट. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये एक मोठी तपासणी झाली. स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचे १६०० हून जास्त रुग्ण, ४६ जनुकांतले ९२ बदल, सगळे आधी कुणी ना कुणी खूण म्हणून सांगितलेले. एकही पक्का ठरला नाही. त्या संशोधकांनी हे जसंच्या तसं छापलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आणि म्हणूनच सांगतो, शेकाचा डोस ठरवून देणारी चाचणी म्हणून कुणी महागडी जीन टेस्ट गळ्यात मारत असेल, तर त्यासाठी कलमांची बाग गहाण ठेवू नका. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

एक खूण मात्र खरोखर उभी राहिली. घशाच्या मागच्या भागाचा, टॉन्सिलचा, जिभेच्या मुळाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे झाला असेल, तर तो किरणांना जास्त दाद देतो. २०१० च्या अमेरिकेतल्या अभ्यासात असे शंभरातले ८२ रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. विषाणू नसलेल्यांतले ५७. ब्लॉकचा पातळ काप घेऊन 'पी१६' नावाचं प्रथिन दाखवणारा रंग दिला की याचा अंदाज येतो. मग वाटलं, यांना औषध सौम्य देऊ. शेकासोबत देतात त्या सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाच्या जागी सेटुक्सिमॅब हे दुसरं औषध देऊन पाहिलं. २०१८ मध्ये दोन चाचण्यांचे निकाल आले: जगणाऱ्यांचं प्रमाण घटलं. रोग दाद देतो म्हणून उपचार हलका करता येतोच असं नाही.

पण हा कॅन्सर काकींचा नव्हे. त्यांचा गालाहिरडीचा, तंबाखूचा. तो आपल्या देशात फार, पाश्चात्त्य देशांत थोडा, आणि म्हणून त्याच्या जनुकांकडे पाहायला आपल्यालाच बसावं लागलं. खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र, आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून २०१३ मध्ये या कॅन्सरचा जनुकीय नकाशा छापला. टीपी५३, कॅस्प८, फॅट१ या जनुकांतले ओळखीचे बिघाड त्यात होते, आणि यूएसपी९एक्स, एआरआयडी२ यांतले, या रोगात आधी न दिसलेलेही. या बिघाडांपैकी कोणता असला तर शेक कमी लागू पडतो, हे काम पुढचं. ते अशाच मेणाच्या वड्यांवर होणार, आणि त्यांत देवगड-मालवणच्या वड्या असायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

[धर्मशाळा. सकाळ.]

अठरावा शेक झालाय. तोंड आतून सोललंय. सोलकढीचा घोट घेतला तर डोळ्यांत पाणी येतं, म्हणून फक्त पेज, तीही बिनमिठाची आणि गार. सून चमचा चमचा भरवते. एका वाटीला पाऊण तास.

जनुकांचं कळेल तेव्हा कळेल. एक गोष्ट आजच कळलेली आहे: शेकात खंड पडू द्यायचा नाही. उपचार एक दिवस लांबला, तर रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. उरलेल्या पेशी त्या रिकाम्या दिवसांत वाढून घेतात. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण कोकणी माणसाच्या वर्षात पाच-सात दिवस असे असतात, जेव्हा त्याला मुंबईत थांबवणं अवघड असतं.

चतुर्थी जवळ आली तशी काकी चुळबुळायला लागल्या. "माटवी कोण बांधतलो? नैवेद्य कोण करतला?" पाच दिवस जाऊन येते, असं त्यांनी तीनदा सांगून पाहिलं. मुलाने रेल्वेचं तिकीटही काढून ठेवलं होतं. शेक देणाऱ्या तंत्रज्ञ मुलीने कॅलेंडर समोर धरलं. चतुर्थीची एक सुट्टी होती, दुसऱ्या दिवशी नंबर होता. काकींनी बराच वेळ त्या तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, तिकीट रद्द कर.

[चतुर्थीचा दिवस. धर्मशाळेतली खोली.]

मोबाइल उशीला टेकवून उभा केलाय. पडद्यावर गावचं माजघर, माटवी, खाली गणपती. माटवी थोडी वाकडी बांधलीय. काकी बोटाने दाखवतात, तिकडून हसू येतं. मग थोरले दीर हात जोडून गाऱ्हाणं घालतात. घरच्या लक्ष्मीक सुखरूप घरी हाड रे म्हाराजा.

"व्हय म्हाराजा," सगळं घर म्हणतं.

काकींचा आवाज निघत नाही. ओठ तेवढे हलतात. बावीस झालेत, आठ उरलेत. सून पेजेची वाटी घेऊन शेजारी येऊन बसते.