लस घेतली होती, मग ताप कसा?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात घणसोलीच्या एक ताई आमच्या लॅबच्या खिडकीशी आल्या. हातात मुलाचं लसीचं कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. "मॅडम, महापालिकेच्या शिबिरात टायफॉईडची लस दिली होती हो याला. मग आता हा ताप कसा?"

प्रश्न रास्त होता. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉईडची कॉन्जुगेट लस, म्हणजे जंतूच्या साखरेला प्रथिन जोडून बनवलेली लस दिली, पहिल्याच टप्प्यात लाखावर मुलांना. सरकारी यंत्रणेमार्फत ही लस देण्याची ती पहिलीच मोहीम. मला तिचा आजही अभिमान वाटतो.

नशीब, की डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच मुलाचं रक्त कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायला, पाठवलं होतं. बाटलीत जंतू वाढला, तो आम्ही टीएसआयच्या नळीत टोचला. जंतू ओळखायची ही बोटभर नळी, आत अगार, म्हणजे जंतू वाढवायची लाल जेली. टायफॉईडचा साल्मोनेला टायफी असला, की सकाळी तळ पिवळा आणि वर मिशीसारखी बारीक काळी रेघ दिसते. या नळीत काळं काहीच नव्हतं. उलट गॅसने अगार तडकला होता. पुढच्या तपासणीत नक्की झालं: साल्मोनेला पॅराटायफी ए, म्हणजे पॅराटायफॉईडचा जंतू.

टायफी आणि पॅराटायफी ए, दोघे एकाच कुळातले, दोघांचं घर फक्त माणूस. टायफीची दोनशेहून जास्त आणि पॅराटायफीची दीडशेहून जास्त जनुकं निकामी झालेली आहेत. एकाच यजमानाला चिकटून राहिलेल्या जंतूंचं असं होतं. तापही तोच, तीच पोटदुखी, तीच डोकेदुखी. पॅराटायफॉईड सौम्य असतो, असं आम्ही शिकलो होतो. काठमांडूत रुग्णांची तुलना झाली तेव्हा दोन्ही आजार लक्षणांवरून वेगळे काढता येईनात.

फरक आहे तो आवरणात. टायफीभोवती व्ही-आय नावाचं साखरेचं कवच असतं आणि लस शरीराला तेच ओळखायला शिकवते. पॅराटायफी ए कडे ते कवच बनवणारी जनुकंच नाहीत. लस फसली नव्हती, समोर आलेला जंतूच दुसरा होता.

जंतू कोणता, हे विडाल या टायफॉईडच्या रक्ततपासणीच्या कागदावरून खात्रीने सांगता येत नाही. जुना संसर्ग, दुसरेच ताप, कशानेही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग सलाईन लागतं, औषधं बदलत राहतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: ताप तीन-चार दिवस हटत नसेल, तर अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी रक्ताच्या कल्चरबद्दल डॉक्टरांना विचारा. कल्चरमध्येही काही रुग्ण सुटतात, पण जंतू सापडला तर त्याचं नाव कळतं आणि कोणतं औषध चालेल तेही. सिप्रोफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक आता या दोन्ही जंतूंवर अनेकदा चालत नाही.

ताईंनी कार्ड पुन्हा पिशवीत घातलं. जाता जाता म्हणाल्या, "धाकटीची राहिलीय. द्यायची का मग?"

मी म्हटलं, "याच आठवड्यात द्या. टायफी अजून इथेच आहे. आणि पाणी मात्र दोघांनाही उकळूनच."