गाडीत धुराचा वास येतोय?

श्रोतेहो, नमस्कार.

आंबा घाट उतरून गाडी साखरप्याला चहासाठी थांबते. मागच्या सीटवरची मुलं मलूल झालेली, आजीला मळमळतंय. सगळे म्हणतात, वळणांमुळे गाडी लागली. बहुतेक वेळा ते खरंच असतं. तरी एक गोष्ट जरूर विचारा: गाडी चालवणाऱ्याचं डोकं दुखतंय का? चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही. त्याचंही डोकं जड झालं असेल आणि आत धुराचा वास येत असेल, तर धूर गाडीत शिरतोय असं धरूनच चाला.

वास येतो तो अर्धवट जळलेल्या इंधनाचा. जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइड मात्र बिनवासाचा, बिनरंगाचा. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. म्हणून नाकाला वासाची सवय झाली तरी धोका तसाच राहतो. कोरोनाच्या काळात घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर इथे लावून बघू नका; या विषबाधेत ते आकडा चांगलाच दाखवतं आणि आपण फसतो. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांना उघड्या हवेत आणा. कुणाला गुंगी येत असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

आपल्या किनारपट्टीवर हा त्रास जास्त का? खारी हवा सायलेन्सरला बाहेरून खाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो आतूनही सडतो. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. घर ते बाजार एवढीच फेरी असली, तर सायलेन्सर पुरता तापत नाही, ते पाणी आतच राहतं आणि पत्रा गंजतो. त्यात खड्ड्यांच्या रस्त्यांवर सायलेन्सर टांगून धरणारी हँगरची रबरं तुटली, की सायलेन्सर लोंबकळतो आणि सगळा भार जोडांवर येतो.

आधी वास ओळखा. कच्च्या पेट्रोलचा वास असेल तर गाडी चालूच करू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. जळक्या तेलाचा असेल तर बहुधा टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग गळून तेल गरम मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांवर) पडत असतं. कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर कॅट-कॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तपासून घ्या.

धुराचाच वास असेल, तर तो कधी येतो ते बघा. गाडी उभी असताना, ब्लोअर बाहेरची हवा घेत असताना आला, तर गळती पुढे इंजिनापाशी असण्याचा संभव जास्त, कारण ब्लोअर काचेच्या खालूनच हवा ओढतो. गाडी पळताना मागच्या बाजूने आला, तर डिकीकडे बघा. पळत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, धूर तिथे घुटमळतो आणि फटीतून आत ओढला जातो. आंब्याच्या पेट्या मावत नाहीत म्हणून डिकी दोरीने अर्धवट बांधून निघणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, तसं करू नका. डिकीचं रबर तपासायला कागदाची पट्टी मध्ये धरून डिकी बंद करा. पट्टी सहज ओढली गेली तर रबर बदला.

पुढची गळती शोधायची उत्तम वेळ सकाळची, इंजिन थंड असताना. चालू केल्यावर टिकटिक आवाज येतो आणि गाडी तापल्यावर थांबतो, तर मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलेलं असू शकतं. धातू तापून फुगतो आणि फट मिटते. जोडापाशी काळी काजळी दिसली तर शंका पक्की. थंड जोडावर साबणाचं पाणी लावून इंजिन चालू केलं, की बुडबुडे जागा दाखवतात. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. खालचं काम गॅरेजच्या पिटवर किंवा लिफ्टवर.

ही गळती लांबवू नये, याला आणखी एक कारण आहे. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला इंधन कमी पडतंय असं वाटतं आणि इंजिन जादा पेट्रोल घेऊ लागतं. अ‍ॅव्हरेज घसरतं, वासही वाढतो. पीयूसी तपासणीवर विसंबू नका. ती शेवटच्या नळीपाशी होते, मधली गळती शोधायला ती नाही.

दुरुस्तीत पुट्टी किंवा पट्टी म्हणजे घरी पोचण्यापुरता उपाय. मॅनिफोल्ड धरून ठेवणारे गंजलेले स्टड (बोल्ट) घाईने फिरवले की तुटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला मेकॅनिकला सांगा आणि त्याला एक दिवस जास्त द्या. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला लावा, नाहीतर इंजिनाचा कॉम्प्युटर जळायची भीती. साधा लोखंडी पाइप इथे टिकत नाही, परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलचा घ्या. ‘कॅट-कॉन काढून टाकू’ असं कुणी म्हणालं तर साफ नकार द्या.

गाडी हातात आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, उघड्या अंगणात चालू करून बघा. गॅरेजवाल्याने गरम गाडीवर दाखवलेली चाचणी पुरेशी नाही. पुन्हा टिकटिक ऐकू आली, तर त्याच दिवशी गाडी परत न्या.

नमस्कार.