नोलांची टोळी काय खाते?

दार उघडतं. आत नोल नावाचे साठ काल्पनिक राक्षस, हातात कुऱ्हाडी, भिंतीवर कवट्यांची रांग. ते इथे रोज खातात काय? त्यांची पिल्लं कुठे आहेत? टेबलाशी बसून खेळायच्या भूमिका-खेळात गोष्ट चालवतो तो गेम मास्टर. त्याच्याकडे याची उत्तरं नसतील, तर खेळाडूंकडे तलवारीशिवाय दुसरा मार्ग उरत नाही.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या राक्षसांच्या पुस्तकात नोल तरसासारखे आहेत. मग सुरुवात तरसापासूनच करू. ठिपकेदार तरसांमध्ये माद्या नरांपेक्षा मोठ्या आणि वरचढ असतात. लेकीला आईच्या खालोखाल मान मिळतो, आणि बहिणींमध्ये बहुधा धाकटीच वर असते. नर वयात आले की बहुतेक जण घर सोडतात आणि परक्या टोळीत अगदी तळाशी जागा मिळवतात. हे नोलांना लावून पाहा. वाट अडवणारा दांडगा नर सरदार नसतो, तो बाहेरून आलेला असतो. त्याच्याशी केलेला तह टोळी पाळणार नाही. गादी शेंडेफळाकडे जाते, बोलणी तिच्याशीच करावी लागतील.

आता पोटाचा हिशेब. प्रत्येकी रोज दोन किलो मांस धरलं, तर साठ जणांना दिवसाला 120 किलो लागतं. हाडं-कातडंही पचवलं, तरी रोज एक मोठं हरीण हवंच. एक खोरं किती दिवस पुरेल? म्हणून टोळी फिरती हवी. आणि भिंतीवरच्या त्या कवट्या? हाडं फोडून खाणाऱ्यांच्या घरात ते वाया गेलेलं अन्न आहे. इथेच खरी संस्कृती सापडते: नोल ज्याला मान देतात, त्याचं एक हाड न खाता राखतात आणि मुक्कामागून मुक्काम सोबत नेतात.

बोलीही शरीरातूनच येते. लांब थोबाडाला ओठ घट्ट मिटणं अवघड जाईल, म्हणून नावांत प, फ, ब, भ, म टाळा. ‘खिर्रक’ चालेल, ‘गोब्राम’ नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एखाद्या खऱ्या समाजाचे ढोल, पोशाख आणि देव उचलून राक्षसांना चिकटवणं. त्याने खरी माणसं राक्षस ठरतात, आणि त्याच समाजातला कुणी टेबलाशी बसलेला असू शकतो. शिवाय उसन्या चालीरीतींना नोलांच्या भुकेचं कारण नसतं, त्यामुळे खेळाडूने अनपेक्षित प्रश्न विचारला की त्या कोलमडतात. दुसरी चूक, सगळी टोळी एका मताची. मांस वाळवून एका जागी राहू म्हणणारे आणि साठवण्याला भ्याडपणा मानणारे, अशी दोन तटं तरी हवीत.

दहा पानी इतिहास टेबलापर्यंत पोहोचत नाही. अर्धं पान पुरे: एक वास, एक आवाज, एक निषिद्ध गोष्ट, आज टोळीला हवी असलेली एक वस्तू.

मग मेजवानीत एखादा खेळाडू मांस संपवून हाड बाजूला ठेवतो. त्याच्या नकळत त्याने त्या हरणाला वडीलधाऱ्यांचा मान दिलेला असतो. साठ जबडे चावायचे थांबतात. गेम मास्टरने इथे फासे टाकू नयेत. शेंडेफळाने उठावं, ते हाड उचलावं आणि विचारावं, “हा तुझा कोण होता?”