पोटरी आधी, दंड मागून

नमस्कार श्रोतेहो. खासबाग मैदानात कुस्ती रंगात आलेली असते, एक पैलवान समोरच्याच्या मानेवर हात टाकून त्याला हिसका देतो, आणि तो पुढे झुकतो न झुकतो तोच त्याची पोटरी ताठ होऊन अंग सावरते. प्रेक्षक म्हणतात, "काय डोकं चालतंय गड्याचं!" या पहिल्या सावरण्यात डोक्याचा वाटा मात्र फारसा नसतो.

अंग पुढे झुकले की पोटरी ताणली जाते. स्नायूंतील सूक्ष्म संवेदक हा ताण टिपून चेतातंतूंवाटे मेरुरज्जूला कळवतात, आणि तेथील प्रेरक चेतापेशी मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता पोटरीला आकसायला लावतात. एवढे सगळे साधारण 40 ते 50 मिलिसेकंदांत उरकते. त्याच वेळी नडगीपुढच्या विरोधी स्नायूला ढिले सोडले जाते, एरवी दोघे एकमेकांशीच झुंजत बसले असते. ही जोडव्यवस्था चार्ल्स शेरिंग्टन यांनी उलगडून दाखवली. चेतापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी 1932 चे नोबेल पारितोषिक त्यांना एडगर एड्रियन यांच्यासह मिळाले.

पण मेरुरज्जूला ताण कळतो, तोल कळत नाही. पंचगंगेच्या घाटावर एखादी सैल फरशी चवड्याखाली वर उचलली गेली, तरी पोटरी ताणलीच जाते. येथे मात्र ती आकसली, तर माणूस आणखीच मागे कलतो. म्हणून कानातील अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे आणि तळपाय यांच्याकडून आलेल्या खबरा जुळवून मेंदूला सावरण्याची दुसरी फेरी हाती घ्यावी लागते; ती साधारण 100 मिलिसेकंदांनी पायांत उतरते आणि नडगीपुढचा स्नायू अंग पुढे खेचतो. असे हेलकावे पुन्हा पुन्हा बसले, की पोटरीचा तो नडणारा प्रतिसाद हळूहळू मंदावतो. लहान मेंदूला इजा झालेल्यांमध्ये मात्र तो तसाच जोरकस राहतो. उपजत चपळाईचे जे कौतुक होते, ते मला म्हणूनच जरा अतीच वाटते. तालमीत वस्ताद पोरांना रोज लढवतात, त्यात हे मंदावणे आणि जुळवणेही चाललेले असते.

शिवाय शरीर हिसका बसण्याची वाट पाहत नाही. पावसाळ्यात फुगून घट्ट बसलेले दार आपण उभ्याने ओढतो, तेव्हा दंड आवळण्याआधीच पोटरी आवळलेली असते, कारण त्या ओढीने आपण पुढे जाणार हे मेंदूने आधीच धरलेले असते. तेच दार छाती एखाद्या कठड्याला टेकवून ओढले, तर पोटरीची ही आगाऊ तयारी बरीचशी गळून पडते.