बाळ गेलं, बाळंतीण आहे

(आशा स्वयंसेविकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ताईंनो, गडचिरोलीतल्या ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं आणि तुमच्या गृहभेटी त्याच कामातून आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा भेटी. वजन, ताप, अंगावर ओढतंय का, सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. पण बाळच गेलं तर? मृत्यूची नोंद होते, बाळाचा फॉर्म बंद होतो आणि बहुतेक वेळा आपलं त्या घरी जाणंही थांबतं. ते थांबू नये, एवढ्यासाठी मी आज आले आहे.

वार पडली की शरीर दुधाच्या तयारीला लागतं. बाळ जिवंत आहे की नाही, हे शरीराला कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते. एक बाई मला सांगत होती, रात्री सगळे झोपले की ती मोरीत जायची, सासूला चाहूल लागू नये म्हणून नळ सोडायची आणि दूध पिळून टाकायची. दूध येणार आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नणंदेनं छाती आवळून बांधली, गाठी झाल्या, ताप चढला. तेव्हा आवळून बांधू देऊ नका. थंड पट्ट्या ठेवा, ठणका कमी होईल इतकंच दूध काढू द्या. दूध आटवायची गोळी डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची, आणि बीपी वाढलेलं असेल तर ते आधी सांगायचं. एखादीला दूध फेकवत नाही. मुंबईत सायन रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्ध पेढी आहे, म्हणजे आयांनी दिलेलं दूध गरजू बाळांसाठी साठवायची सोय. जवळ अशी पेढी असेल तर तिथं विचारता येतं. पण तिची इच्छा असेल तरच. आपण गळ घालायची नाही.

बाळाला पुरायला पुरुषमाणसं घेऊन जातात, आई कॉटवरच असते. ‘तिनं बघू नये, त्रास होईल,’ म्हणतात. मग ती वर्षानुवर्षं विचारत राहते, जावळ किती होतं, कुणावर गेलं होतं? दवाखान्यात तुम्ही सोबत असाल तर तिलाच विचारा, मांडीवर घ्यायचंय का. नको म्हणाली तर नको. बारसं झालेलं नसतं, कागदावर नुसतं ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव. तिनं मनात ठेवलेलं नाव सांगितलं, तर त्याच नावानं बोला. ‘वय आहे, पुढच्या वर्षी दुसरं होईल,’ हे मात्र कृपा करून म्हणू नका.

केंद्र सरकारनं २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना अशा वेळी ६० दिवसांची विशेष रजा दिली. निंदणीला जाणारीला कुठली रजा! ‘बाळ नाही, मग घरी बसून काय करायचं,’ म्हणून तिला लवकर शेतात धाडतात. शेक बंद, डिंकाचे लाडू बंद. अंगावरून जास्त जाणं, ताप, झटके यांचा धोका तर तिला बाकीच्या बाळंतिणींइतकाच असतो. ती झोपत नसेल, ‘जगून काय करू’ म्हणत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि लाडवांचं सासूशी तुम्हीच बोला. तुमचं ती ऐकते.