पावत्यांची पिशवी

(दृश्य: भाडेपावत्यांची गड्डी, जवळून)

कागद पिवळा पडलाय, शिक्का पुसट झालाय, पण एकही पावती टाकलेली नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत नव्या सुनेला दागिने कुठे ठेवलेत ते नंतर कळायचं. पावत्यांची पिशवी कुठे आहे, ते आधी.

कारण इथे घरमालक म्हणजे सरकार. सार्वजनिक बांधकाम खातं. बाजारभावापुढे भाडं नगण्य. पण पावती नसेल, तर खोलीत तुम्ही कोण?

(दृश्य: लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना दारं)

१९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, निघालं. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचा बेत होता. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर १ रुपया कर बसवला. खोल्या झाल्या साधारण १६ हजार. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी, मिळून २०७ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, संडास सामाईक. खोली १६० चौरस फूट. कॅमेरा दारात उभा केला की आत माणसाला जागा उरत नाही, हे आम्ही अनुभवलं.

आज खरं वाटणार नाही, पण सुरुवातीला या खोल्यांना भाडेकरूच मिळेनात. कामगाराला भाडं परवडेना, आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने वरळीच्या रिकाम्या चाळींचा चक्क तुरुंग केला. कामगार आले ते हळूहळू, कोकणातून, घाटावरून. मग एकेका खोलीत आठ-दहा जण. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाल्याने तिथेच अंग टाकायचं.

(दृश्य: गिरणीची चिमणी, मागे काचेचे टॉवर)

१९८२ च्या गिरणी संपात पगार थांबला. गावाहून तांदूळ येई, भाड्याला मात्र रोखच लागे.

आणि नुसतं भाडं भरून भागत नसे. पावतीवर वडिलांचं नाव. वडील गेले की ते बदलून घ्यायचं. मृत्यूचा दाखला, वारसांची ना हरकत, रेशनकार्ड, वीजबिल. एक भाऊ गावी, एक बहीण सासरी, सगळ्यांच्या सह्या गोळा करायच्या. कुठे सही अडली, की खोली वर्षानुवर्षं मेलेल्या माणसाच्या नावावर. काहींनी खोल्या परस्पर विकल्या. राहणारा एक, पावतीवर भलताच. अशी हस्तांतरणं नियमित करायला सरकारला वेळोवेळी निर्णय काढावे लागले.

(दृश्य: कागद तपासणारी बोटं)

चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे, म्हणजे राज्य सरकारच्या गृहनिर्माण मंडळाकडे आला. २०१७ मध्ये भूमिपूजन झालं. वरळीत २०२१ मध्ये पुन्हा एकदा झालं. नारळाची कमतरता या प्रकल्पाला कधीच नव्हती. जुन्या भाडेकरूला ५०० चौरस फुटांचं मालकी हक्काचं घर मिळणार, पण आधी पात्रता सिद्ध करायची. पिशव्या पुन्हा उघडल्या. एवढ्या वर्षांनी पावती मागणारं सरकारच, आणि पावती फाडणारंही सरकारच!

(दृश्य: नवे टॉवर, लिफ्टपाशी गर्दी)

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. 'फुकटात मिळालं' म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना ही पिशवी दाखवावी. तीन पिढ्यांनी भरलेलं भाडं आहे त्यात, आणि प्रत्येक पिढीने कचेरीत काढलेल्या रांगाही.

देखभालीचा खर्च १२ वर्षं म्हाडाकडे, पुढे रहिवाशांकडे. चाळीत सेवा निवासस्थानं मिळालेल्या पोलिसांना मात्र घरासाठी १५ लाख रुपये भरायचे आहेत.

शिवडीच्या १२ चाळी मुंबई पोर्टच्या, म्हणजे बंदराच्या जमिनीवर आहेत, म्हणजे गाठ केंद्र सरकारशी. बाकी तिन्ही ठिकाणी काम निघालं, तेव्हा शिवडी मागे राहिली. तिथल्या पिशवीला अजून गाठ मारून चालणार नाही.